फिश टँकचे पाणी बादलीविना बदलण्यासाठी एक पाइप आणि दोन व्हॉल्व्ह

घरातल्या फिश टँकचे पाणी दर आठवड्याला बदलावे हे सर्वांना ठाऊक असते, पण चार फुटी टँकच्या बाबतीत त्याचा अर्थ साठ लिटर पाणी बादल्यांनी बाहेर नेणे आणि तितकेच परत आणणे असा होतो. पंधरा लिटरच्या चार बादल्या जाताना आणि चार येताना वाहाव्या लागतात, आणि वाटेत फरशीवर सांडलेले पाणी पुसावे लागते ते वेगळेच. पहिले दोन महिने उत्साहात जातात, मग आठवड्याचा पंधरवडा होतो आणि पंधरवड्याचा महिना. हे काम नळजोडणीने सोपे कसे करावे ते या लेखात सांगितले आहे.

मी स्वतः आधी वेगळा मार्ग घेतला होता. बाथरूमच्या नळाला लांब नळी लावून तिचे दुसरे टोक टँकमध्ये सोडत असे आणि पातळी वर येईपर्यंत उभा राहत असे. एकदा दारावरची बेल वाजली, पाहुणे आले, आणि पाण्याची आठवण झाली ती खालच्या मजल्यावरचे शेजारी छताला आलेली ओल दाखवायला वर आले तेव्हा. तेव्हापासून मी जोडणीचा विचार एकाच प्रश्नावरून करतो: मी हे विसरलो, तर जास्तीत जास्त किती पाणी कुठे जाईल? पाणी कुठे थांबायचे हे माणसाच्या लक्षावर सोडू नये. ते पाइपच्या उंचीने आणि पिंपाच्या आकाराने ठरलेले असावे. पुढची सगळी मापे याच हिशेबाने काढली आहेत.

किती पाणी बदलायचे

पुण्यातल्या सदनिकेतला माझा टँक उदाहरणादाखल घेऊ. तो बाहेरून १२० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद आणि ४५ उंच आहे. काचेची जाडी वजा केल्यावर आतली लांबी-रुंदी ११८ आणि ४३ सेंटिमीटर भरते. म्हणजे पाण्याची पातळी एक सेंटिमीटर उतरली की साधारण पाच लिटर पाणी कमी होते. तळाची वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा सोडल्यास टँकमध्ये प्रत्यक्षात सुमारे दोनशे लिटर पाणी असते. पातळी बारा सेंटिमीटर उतरवली की साठ लिटर, म्हणजे तीस टक्के पाणी निघते. वाचकाने आपल्या टँकची आतली लांबी आणि रुंदी सेंटिमीटरमध्ये गुणून हजाराने भागावे. येणारा आकडा म्हणजे एका सेंटिमीटरमागचे लिटर. या आकड्याशिवाय पुढे जाऊ नये.

तीस टक्केच का, यालाही हिशेब आहे. माशांची विष्ठा आणि उरलेले खाद्य यांतून शेवटी नायट्रेट तयार होते आणि ते साचत जाते. आठवड्याला ते जितके वाढते त्याला बदललेल्या पाण्याच्या प्रमाणाने भागले, की दीर्घकाळात ते कोणत्या कमाल पातळीवर स्थिरावेल ते कळते. आठवड्याला लिटरमागे दहा मिलिग्रॅम वाढ असेल आणि दहा टक्केच पाणी बदलले, तर कमाल पातळी शंभरावर जाईल. तीस टक्के बदलले, तर ती तेहेतिसाच्या आसपास राहील. टँकमध्ये नायट्रेट शोषणारे इतर काही नाही असे इथे गृहीत धरले आहे; दाट वनस्पती असल्यास हे आकडे खाली येतात.

जोडणीची कल्पना

टँकच्या मागच्या काठावरून एकच पाइप उलट्या ‘यू’च्या आकारात आत उतरतो. त्याची बाहेरची बाजू जमिनीलगत बाल्कनीपर्यंत जाते आणि तिथे एका टीवर दोन फाटे फुटतात. एक फाटा ड्रेन व्हॉल्व्हमधून नाहणी ट्रॅपच्या जाळीवर सुटतो. दुसरा फाटा फिलिंग व्हॉल्व्ह आणि पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह यांतून झाकणाच्या शंभर लिटरी पिंपात ठेवलेल्या छोट्या सबमर्सिबल पंपाला जोडलेला असतो. पाणी ज्या पाइपने जाते त्याच पाइपने येते. पाइपमध्ये उरणारे दोन-अडीच लिटर जुने पाणी टँकमध्ये परत जाते, पण दोनशे लिटरांत त्याचा काही फरक पडत नाही.

काचेला भोक पाडायचे नाही, हा या रचनेचा मोठा फायदा आहे. नवा टँक बनवून घेणाऱ्याने मागच्या काचेत ओव्हरफ्लोचे भोक जरूर करून घ्यावे. मात्र भरलेल्या, नांदत्या टँकला ड्रिल लावण्याच्या फंदात पडू नये. आणि काच टफन्ड (उष्णता देऊन कणखर केलेली) असेल, तर भोक पाडताना तिचा चुरा झाल्याखेरीज राहत नाही.

टँकमध्ये उतरलेल्या पाइपचे खालचे टोक एंडकॅपने बंद करून त्याच्या खालच्या भागात तीन-चार मिलिमीटरची भोके पाडावीत, म्हणजे लहान मासे ओढले जाणार नाहीत आणि भरताना पाण्याची धार एका जागी आदळून वाळू उकरणार नाही. भोकांचे एकूण क्षेत्रफळ पाइपच्या तोंडापेक्षा कमी भरल्यास प्रवाह मंदावतो. वीस मिलिमीटरच्या तोंडाला चार मिलिमीटरची पंचवीस भोके लागतात. गप्पीची पिल्ले असतील, तर वर स्पंजची बाही चढवावी. इथे एक बारीक गोष्ट लक्षात ठेवायची: पाणी कुठे थांबेल हे पाइपच्या टोकावरून ठरत नाही, ते सर्वांत वरच्या भोकावरून ठरते. पातळी त्या भोकापर्यंत उतरली की हवा आत शिरू लागते, घरघर सुरू होते आणि थोड्या वेळात सायफन, म्हणजे भरलेल्या पाइपमधून काठावरून खाली ओढला जाणारा पाण्याचा सलग प्रवाह, तुटतो. म्हणून सर्वांत वरचे भोक नेहमीच्या पातळीखाली बरोबर बारा सेंटिमीटरवर आणावे आणि बाकीची भोके त्याखालच्या तीन-चार सेंटिमीटरांत बसवावीत. ड्रेन व्हॉल्व्ह उघडा ठेवून कोणी गावाला गेले, तरी टँकमधून सत्तर-ऐंशी लिटरांपेक्षा जास्त पाणी जाणार नाही आणि माशांना पोहायला शंभराहून अधिक लिटर पाणी शिल्लक राहील.

भरण्याच्या बाजूची मर्यादा पिंप ठरवते. पिंपाच्या भिंतीत ओव्हरफ्लोचे भोक पाडून त्याला टँक निपल बसवावा आणि त्याचा पाइप ट्रॅपवर सोडावा. या भोकाची उंची आकडेमोडीने काढत बसू नये, कारण पिंपाच्या भिंती तिरक्या असतात. पंप तळाशी ठेवून पिंपात थोडे पाणी घ्यावे, पंप हवा ओढू लागेपर्यंत ते उपसावे, आणि उरलेल्या पाण्यावर मापाच्या भांड्याने त्रेसष्ट लिटर मोजून ओतावे. पातळी जिथे येईल तिथे भोक. साठ लिटर टँकचे आणि तीन पाइपचे. मग नळ रात्रभर चालू राहिला तरी जादा पाणी ट्रॅपमध्ये जाते आणि पंपाच्या वाट्याला त्रेसष्ट लिटरच येतात. पिंपाला फ्लोट व्हॉल्व्ह लावून ते आपोआप भरत ठेवण्याचा मोह होतो, पण तो टाळावा. पंप उपसत असतानाच फ्लोट व्हॉल्व्ह नवे पाणी सोडत राहिला, तर पिंप संपतच नाही आणि मर्यादा नाहीशी होते.

सामान

पाइप पाऊण इंची पांढरा यूपीव्हीसी घ्यावा. प्लंबिंगचा पांढरा पाइप इंचाच्या मापात आणि शेतीचा करडा पाइप मिलिमीटरच्या मापात येतो. पाऊण इंची पांढऱ्याचा बाहेरचा व्यास २६.७ मिलिमीटर असतो, त्यामुळे पंचवीस मिलिमीटरची करडी फिटिंग त्याला बसत नाहीत. दुकानात दोन्ही शेजारी-शेजारी टांगलेली असतात, म्हणून तिथल्या तिथे बसवून पाहावे. फिकट पिवळा सीपीव्हीसी गरम पाण्यासाठी असतो आणि त्याचे सॉल्व्हंट वेगळे असते. इथे त्याची गरज नाही.

बॉल व्हॉल्व्ह प्लॅस्टिकचेच घ्यावेत. पितळेत तांबे असते, आणि कोळंबी व गोगलगायींना तांब्याचा अंशही बाधतो. दोन बॉल व्हॉल्व्ह, एक नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, एक टी, पाच-सहा एल्बो, दोन युनियन, एक टँक निपल, एंडकॅप, क्लॅम्प, टेफ्लॉन टेप आणि सॉल्व्हंट सिमेंट एवढ्यात काम भागते. युनियन म्हणजे हाताने उघडता येणारा जोड; एक युनियन टँकच्या मागे आणि एक टीच्या आधी बसवावे. पुढे कधी पाइप साफ करायचा झाला, तर कापाकापी करावी लागत नाही. पंप निवडताना खोक्यावरचा तासाला इतके लिटर हा आकडा फसवा असतो, कारण तो पाणी वर चढवायचे नसतानाचा असतो. पाऊण मीटरचे स्टँड, त्यावर ४५ सेंटिमीटरचा टँक आणि त्याहून थोडा उंच पाइपचा माथा असे मिळून पाणी सव्वा मीटरहून अधिक चढवायचे आहे. म्हणून ज्याचे कमाल हेड, म्हणजे पाणी चढवण्याची उंची, तीन मीटर आहे असा पंप घ्यावा. दीड मीटर हेडचा पंप पाणी काठाशी आणून तिथेच दमतो.

बसवण्याची पद्धत

आधी पाइपची वाट ठरवावी. सर्वांत मोठी अडचण दाराची असते. पाइप दाराच्या चौकटीवरून नेला, तर तो पाण्याच्या पातळीच्या कितीतरी वर जातो, आणि उंबरठ्यावरून नेला, तर पायात येतो. ज्या भिंतीपलीकडे बाल्कनी किंवा बाथरूम आहे तिला लागून टँक असेल, तर भिंतीत कोअर कटरने पस्तीस-चाळीस मिलिमीटरचे भोक करून घेणे हा सर्वांत स्वच्छ उपाय. कॉलम आणि बीम यांना हात लावू नये. भिंतीत विजेची किंवा पाण्याची लपलेली लाइन नाही याची खात्री करावी. घर भाड्याचे असल्यास मालकाची परवानगी घ्यावी. परवानगी मिळत नसेल, तर टँकमागचा ‘यू’ आणि बाल्कनीतली टी कायमची बसवून मधल्या भागात जाड विणीचा होजपाइप आठवड्यातून एकदा अंथरावा. फक्त मग टँककडच्या टोकालाही एक बॉल व्हॉल्व्ह द्यावा.

पाइप कापल्यावर आतल्या कडेची खरड चाकूने काढावी. सगळे तुकडे सॉल्व्हंट न लावता एकदा जोडून पाहावेत आणि प्रत्येक जोडावर पेन्सिलीने आडवी खूण करावी, म्हणजे चिकटवताना एल्बोचे तोंड वाकडे बसत नाही. सॉल्व्हंट पाइपच्या बाहेर आणि फिटिंगच्या आत पातळ लावावे, पाव फेरा फिरवत पाइप तळापर्यंत बसवावा आणि अर्धा मिनिट तसाच दाबून धरावा, कारण ताजा जोड स्वतःच मागे सरकतो. टँकमध्ये बुडणारा भाग शक्यतो न चिकटवता नुसता दाबून बसवावा. तिथे थोडी गळती झाली तरी पाणी टँकमध्येच राहते आणि पाइपची उंची पुढे बदलता येते. मात्र माथ्यावरचे आणि बाहेरचे सर्व जोड हवाबंद हवेत. पाणी गळू न देणारा जोड कधी कधी हवा आत घेतो आणि मग सायफन अधूनमधून तुटतो. चोवीस तास पाणी सोडू नये, आणि नंतर पहिले दोन पिंप पाणी पाइपमधून बादलीत सोडून फेकून द्यावे, म्हणजे सॉल्व्हंटचा वास टँकमध्ये जाणार नाही. पांढऱ्या पाइपमधून थोडा उजेड आत जातो आणि शेवाळ धरते. टँकमागच्या तुकड्याला बाहेरून काळा रंग दिल्यास हा त्रास कमी होतो.

टीनंतर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावताना त्याच्यावरचा बाण टँकच्या दिशेने असावा. त्याच्यावर पूर्ण विसंबू मात्र नये. वाळूचा एक कण अडकला तरी तो उघडा राहतो. तसे झाले तर पंप बंद झाल्यावर पाणी टँकमधून पिंपात परत येऊ लागेल, पण तेही वरच्या भोकापाशी थांबेल, आणि नुकत्याच रिकाम्या झालेल्या पिंपात त्याला जागा असते.

पाणी कुठून येते, यावर एक थांबा

बाल्कनीतल्या नळाला येणारे पाणी गच्चीवरच्या टाकीतून येते, आणि त्या टाकीत काय आहे हे महिन्यागणिक बदलते. पुण्यात महापालिकेचे पाणी खडकवासला धरणसाखळीतून येते. ते मऊ असते आणि त्यात क्लोरीन असतो. उन्हाळ्यात सोसायटी टँकर मागवते, तेव्हा त्याच टाकीत बोअरचे जड पाणी मिसळते. जोडणी कितीही नेटकी असली, तरी हे पाणी न तपासता टँकमध्ये ढकलले, तर सोयीनेच मासे मरतात. पिंप मध्ये ठेवण्याचे खरे कारण हे आहे. नळाची लाइन थेट टँकला जोडण्याच्या मी विरुद्ध आहे.

पिंप आदल्या रात्री भरावे. मत्स्यविक्रेत्यांकडे अँटी-क्लोरीन या नावाने मिळणारे स्फटिक म्हणजे सोडियम थायोसल्फेट. एक मिलिग्रॅम क्लोरीनला सुमारे सात मिलिग्रॅम स्फटिक लागतात. म्हणजे लिटरमागे एक मिलिग्रॅम क्लोरीन असलेल्या साठ लिटर पाण्याला सुमारे ४२० मिलिग्रॅम. इतके बारीक वजन घरी होत नाही, म्हणून दहा ग्रॅम स्फटिक पाण्यात विरघळवून त्याचे एक लिटर द्रावण करावे आणि त्यातले ४२ मिलिलिटर घालावे. पावसाळ्यात पाणी गढूळ आल्यावर क्लोरीनचा वासही वाढलेला जाणवतो. तेव्हा मी दुप्पट घालतो, तेवढ्याने अपाय होत नाही. क्लोरीन असल्यास पिवळे होणाऱ्या ओटी (ऑर्थोटोलिडीन) द्रावणाचे दोन थेंब नमुन्यात टाकून पिवळा रंग येत नाही ना, हे पाहिले की खात्री होते. रात्रभर पिंपात हवेचे बुडबुडे सोडणारा एअर स्टोन चालू ठेवावा. बोअरच्या पाण्याला तर त्याची अधिकच गरज असते, कारण त्यात क्लोरीन नसला तरी कार्बन डायऑक्साइड जास्त आणि ऑक्सिजन कमी असू शकतो.

सकाळी दोन मोजमापे घ्यावीत. पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण दाखवणाऱ्या टीडीएस मीटरने टँक आणि पिंप दोन्ही मोजावेत. पिंपाचा आकडा एरवीपेक्षा एकदम दुप्पट झाला असेल, तर टँकर आला असे समजावे आणि त्या आठवड्यात पंप अर्ध्यावर थांबवून कमी पाणी बदलावे. दुसरे माप तापमानाचे. तीस टक्के पाणी बदलताना पिंप आणि टँक यांच्या तापमानातल्या फरकाचा तीस टक्के परिणाम टँकवर होतो: टँक २६ अंश आणि पिंप २० अंश असेल, तर टँक २४.२ वर येईल. टँकमध्ये दोन अंशांहून अधिक फरक पडू देऊ नये. एप्रिल-मे महिन्यात पश्चिमेच्या बाल्कनीतले पिंप दुपारी तापते, म्हणून तेव्हा सकाळी. डिसेंबरात उलट, दुपारी उशिरा.

दर आठवड्याचा क्रम

पहिल्या वेळी पाइपमध्ये हवा असते. ड्रेन व्हॉल्व्ह बंद ठेवून पंपाने पाणी ढकलावे. टँकमधल्या भोकांतून बुडबुडे येणे थांबले की पंप आणि फिलिंग व्हॉल्व्ह बंद करावा. हे एकदाच करावे लागते. पुढे दर वेळी टँक भरताना पाइप आपोआप पाण्याने भरतो, आणि दोन्ही व्हॉल्व्ह बंद असल्याने आठवडाभर तसाच भरलेला राहतो.

हीटर पंधरा-वीस मिनिटे आधी बंद करावा. तापलेली काच पाण्याबाहेर उघडी पडली की तडकते. काठावर लटकणारा फिल्टर असेल, तर तोही बंद करावा, कारण बारा सेंटिमीटर पाणी उतरल्यावर तो कोरडा चालतो. मग ड्रेन व्हॉल्व्ह उघडावा. आठ मीटरच्या पाइपमधून साठ लिटर पाणी पाच-सहा मिनिटांत उतरते. घरघर ऐकू आली आणि धार थांबली की ड्रेन व्हॉल्व्ह बंद करावा, फिलिंग व्हॉल्व्ह उघडावा आणि पंप किल्लीच्या टायमरवर लावावा. पिंप रिकामे व्हायला किती मिनिटे लागतात हे एकदा घड्याळ लावून मोजले, की टायमर त्याहून अर्धा मिनिट कमी ठेवता येतो आणि पंप कोरडा चालून जळत नाही. शेवटी फिलिंग व्हॉल्व्ह बंद, फिल्टर चालू, आणि पाण्याची पातळी पाहून हीटर चालू.

या क्रमात एक चूक अजून शिल्लक राहते: पाणी काढायचे विसरून थेट पंप लावणे. टँकच्या काठाखाली तीन सेंटिमीटर मोकळे ठेवले, तर पंधरा लिटर सामावतात. उरलेले पंचेचाळीस फरशीवर. यावर मला सुचलेला उपाय साधा आहे. पंपाचा प्लग बोर्डात न ठेवता ड्रेन व्हॉल्व्हच्या दांडीला गुंडाळून ठेवतो. तो सोडवताना हात आपसूक त्या व्हॉल्व्हवर जातो. बाल्कनीतल्या त्या सॉकेटला तीस मिलिअँपिअरचे आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारे ब्रेकर) संरक्षण असलेच पाहिजे, आणि वायर सॉकेटच्या खाली लोंबून मग वर जाईल अशी ठेवावी, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी खालीच ठिबकेल.

जोडणी पूर्ण झाल्यावर एका मोकळ्या सकाळी सगळ्या चुका मुद्दाम करून पाहाव्यात. ड्रेन व्हॉल्व्ह उघडून अर्धा तास दुसऱ्या खोलीत बसावे आणि परत येऊन पट्टीने पातळी मोजावी. बारा सेंटिमीटर ठरवले होते आणि सोळा उतरले, तर पाइप तेवढा वर घ्यावा. नळ चालू ठेवून पिंपाचा ओव्हरफ्लो त्याच्या धारेला पुरतो का हे पाहावे. माझा अर्धा इंची ओव्हरफ्लो पुरला नव्हता आणि तो एक इंची करावा लागला. भरून झाल्यावर फिलिंग व्हॉल्व्ह उघडाच ठेवून नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह धरतो का हेही त्याच दिवशी कळते.

वाळूतला गाळ या जोडणीने निघत नाही. त्यासाठी ड्रेन लाइनवर टँकजवळ आणखी एक टी, बॉल व्हॉल्व्ह आणि होज निपल ठेवावे. महिन्यातून एकदा त्याला ग्रॅव्हल क्लीनरची नळी लावून वाळू झाडावी. ते करताना ‘यू’कडची बाजू बंद करता यावी म्हणून तिथेही व्हॉल्व्ह लागेल, नाहीतर हवा तिकडून ओढली जाते. ही नळी तळापर्यंत पोहोचते आणि वरच्या भोकाची मर्यादा तिला लागू नसते, म्हणून ती हातात असेपर्यंत बेल वाजली तरी दार उघडायला जाऊ नये. निघालेले गाळाचे पाणी कुंड्यांना चांगले. फक्त टँकमध्ये औषध किंवा मीठ घातले असेल, तर त्या आठवड्यात ते ट्रॅपमध्येच सोडावे.